तारा, निरोप आणि कात्रपचे मामा

इंजिनिअरांच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात. कामाची फाईल एकदा बंद होते, किस्सा मात्र चार जण चहाला बसले की पुन्हा उघडतो.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या माळ्यावर आम्ही तिघं. मालक लालवाणी सर, उल्हासनगरचे. इंजिनिअर म्हणजे सुनंदा गायकवाड आणि मी. गावाची वीज हुशारीने कशी वाटायची, ते आधी कॉम्प्युटरवर करून बघायचं, हा आमचा धंदा. तेव्हा हातात गाव होतं बदलापूर. तारांमधल्या विजेचा हिशोब करणारा प्रोग्राम सुनंदाचा, मीटर-सबस्टेशनचे निरोप पोचवणारा माझा. दोन्ही जोडून एकत्र चालवायचे. सुनंदा कॉन्ट्रॅक्टवर होती. डेमो पास झाला तर पर्मनंट, नाहीतर महिनाअखेर घरी.

*

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर तार तुटायच्या तीन सेकंद आधी सबस्टेशनला 'तार तुटली' असा निरोप पोचला. दोन्ही प्रोग्रामची घड्याळं वेगळी, दुसरं काय! आम्ही तोंड लपवत होतो. लालवाणी सर मात्र खूश.

"फिक्स मत करना. यही तो कस्टमर को चाहिए!"

त्यांना समजवायला दोन चहा लागले.

*

मग आम्ही घड्याळं जुळवली. प्रत्येक प्रोग्रामने दुसऱ्यासाठी थांबायचं, असा नियम घातला. सकाळी बटण दाबलं. मोठं गणित चालू आहे म्हणून दिवसभर कोणी कीबोर्डला हात लावला नाही. डबेसुद्धा हळू उघडले. संध्याकाळी कळलं, पंगतीत दोन व्याही "आधी तुम्ही" करत बसतात, तसे दोन्ही प्रोग्राम सकाळपासून एकमेकांची वाट बघत होते.

*

दर शुक्रवारी एमआयडीसीची वीज बंद. तरी सर बोलवायचेच. बॅटरीवर एक कॉम्प्युटर चाले, पंखा नाही. घामाघूम होऊन आम्ही स्क्रीनवरच्या बदलापूरला चोवीस तास वीज पुरवायचो.

सुनंदा एकदा म्हणाली, "सर, मी राहायला आतच जाते."

*

डेमोसाठी बदलापुरातल्या कात्रपची एक लाईन घेतली होती. भारनियमन संपून वीज आली, की सगळ्या इमारतींचे पाण्याचे पंप एकदम सुरू होत आणि भार न पेलून मॉडेलमध्ये लाईन ट्रिप होई. खऱ्या कात्रपमध्ये तसं होत नव्हतं. म्हणून सुनंदा तिथल्या वायरमनला भेटायला गेली. बाळाराम मामा, बारवी धरणाकडचे. मामा वीज सोडण्याआधी चार मोठ्या सोसायट्यांच्या वॉचमनना फोन करायचे, की पंप बंद ठेव, दहा मिनिटांनी लाव.

सुनंदाने मॉडेलमध्ये एक चौकोन काढला आणि त्यावर लिहिलं, 'मामा'. लाईन टिकली.

*

डेमोला कस्टमर, म्हणजे पुण्याच्या एका कंपनीचे साहेब आले. चौकोन बघून हसले. म्हणाले, माणूस काढा, त्याच्या जागी निरोप पाठवणारं आमचं मशीन बसवा. सुनंदाने मॉडेलमध्ये ते बसवलं. मशीनने चारही निरोप एकाच क्षणी पाठवले. बरोबर दहा मिनिटांनी चारही पंप एकाच क्षणी सुरू झाले आणि लाईन ट्रिप!

साहेबांचा चेहरा उतरला. सर हिंदीत माफी मागू लागले. मला सुनंदाकडे बघवेना. तिने मामांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तुम्ही चौघांना एकदम कसं सांगता, असं विचारलं.

"एकदम कसा सांगू? एकच मोबाईल हाय माजा. एकाचा झाला का दुसऱ्याला लावतो."

साहेब पुढे वाकले. शेवटच्याला किती वेळ लागतो, त्यांनी स्वतः विचारलं.

"शेवटचा माजा साडू हाय. त्याचा बोलना सपंल तवा."

सुनंदाने मशीनचे निरोप मामांसारखे मागेपुढे केले. शेवटचा सर्वांत उशिरा, सहा मिनिटं मागे. लाईन टिकली. दोनदा, तीनदा चालवून बघितलं, टिकली. संध्याकाळी सरांनी तिचं पर्मनंटचं पत्र टाईप करायला घेतलं.

पुढच्या महिन्यात पुण्याहून डेमोचा छापील अहवाल आला. सुनंदाने लिहिलेलं सगळं जसंच्या तसं होतं. फक्त आकड्यांच्या तक्त्यात साहेबांनी स्वतः एक ओळ वाढवली होती:

'साडू: सहा मिनिटे.'