आफ्रिकेकरांची गाय

सूर्यभान माझा मावसभाऊ. कर्जतच्या पलीकडे त्याचं गाव. नगरच्या कॉलेजातून बी.ए. झाला आणि अर्थशास्त्रात एम.ए. करायचं म्हणून मुंबईला गेला. तो पोचेपर्यंत तिथल्या जागा भरल्या होत्या. विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचा विभाग नवाच निघाला होता आणि त्यांना विद्यार्थी मिळत नव्हते. हा तिथं जाऊन बसला. आमच्यासारख्यांच्या पोरांचं शिक्षण असंच व्हायचं, जे औत मोकळं असेल त्याला जुंपायचं.

गावात बातमी आली ती ‘सूर्यभान आफ्रिकेत शिकतो’ अशी. हा बिचारा मुंबईच्या वसतिगृहात आणि गाव त्याला जहाजात बसवून मोकळं! सुट्टीत आला की पारावरून हाक यायची, “या आफ्रिकेकर!” तोही काही कमी नव्हता. मांडी ठोकून सांगत बसायचा. आमच्याकडे एक सर इतिहासाचे, एक अर्थशास्त्राचे, एक समाजशास्त्राचे. तिथली माणसं काय पिकवतात, बाजार कसा भरवतात, लग्नं कशी लावतात, भाऊबंदकी कशी मिटवतात, सगळं एकत्रच शिकायचं. तिकडं पूर्वेला पैशाला ‘पेसा’ म्हणतात आणि दुकानाला ‘दुका’. त्यावर चहावाला छगन म्हणाला, “मंग शिकायचं काय राह्यलं?”

मी तेव्हा मिरजगावच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होतो. सूर्यभान माझ्याकडं आला असताना शेजारच्या गोरक्षनाथांची चांगुणा ताक घेऊन आली. सातवी झालेली, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सगळं जग सूर्यभानला सिंहाचं विचारायचं. हिनं विचारलं, “तिकडं पानी कोन भरतं?”

“बायका,” सूर्यभान म्हणाला.

“मंग एवढं लांबचं शिकाया कशाला गेला?” म्हणाली आणि भांडं घेऊन गेली.

त्या दिवसापासून गडी पार गेला. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर नाही.

१९७३च्या उन्हाळ्यात तो एम.ए. झाला आणि त्याच्या वडिलांनी, भिमाजीकाकांनी, गोरक्षनाथांच्या ओसरीवर बैठक बसवली. सोयरीक मी सुचवलेली, म्हणून मला मधे बसवलं होतं. काकांनी अंगठी, घड्याळ, सायकल आणि वर हुंडा अशी सुरुवात केली.

“पोरगा एम.ए. हाय,” काका म्हणाले.

“कशात?”

“आफ्रिकेत.”

गोरक्षनाथांनी मान खाली घातली. दुष्काळाच्या सालात माणूस कुठून आणणार हे सगळं? नाही म्हणावं तर पोरीचं स्थळ जातंय. मला त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात सूर्यभान म्हणाला, “हुंडा नको. काहीच नको.”

ओसरी सैल झाली. काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण चार माणसांत बोलणार काय? इथंच थांबला असता तर सुपारी फुटली असती. पण शिकलेल्या माणसाला थांबता आलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं! तो पुढं म्हणाला, “उलट आम्हीच तुम्हाला गाय देऊ. आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी मुलाकडचे मुलीच्या बापाला गुरं देतात. मुलीच्या घरचे दोन हात कमी होतात, त्याची जाणीव म्हणून.”

गोरक्षनाथ ताडकन उठले. “आमी पोरगी इकाया बसलोय व्हय? मास्तर, ह्यांना उठवा!”

यात चूक कुणाची म्हणायची? आमच्याकडेही पूर्वी मुलीचा बाप मुलाकडून घ्यायचा. त्याला देज म्हणत. पुढं वारं फिरलं, हुंडा आला आणि देज घेणं म्हणजे लेक विकणं झालं. ज्या घरांनी घेतलं-दिलं होतं ती तर त्याचं नावही काढत नसत. सूर्यभान पुस्तकातून शिकून आला ते या घरानं दाबून ठेवलेलं होतं.

दाराआडून गोरक्षनाथांची आई, दगडाबाई, बाहेर आली. “माज्यासाठी बी ह्या घरानं गायच दिल्ती,” ती म्हणाली.

“आई, तू आत जा.”

“न्हाई जात. माज्या बानं गाय घेतली आन् त्याच साली इकून खाल्ली. हितं भाकर करपली की सासू म्हनायची, गाय देऊन आनलीय, काम नको करायला? जल्मभर ऐकलं. आता हुंडा देऊन बी पोरींना ऐकावंच लागतंय.” मग सूर्यभानकडं वळली. “बाबा, तुज्या आफ्रिकेत बायांना टोमणं मारत्यात का रं?”

सूर्यभान म्हणाला, “ते पुस्तकात नव्हतं, आज्जी. मला माहीत नाही.”

“मंग बायांना कुनी इचारलंच नसंल.”

हे त्याला लागलं, मला दिसलं. तो उठला आणि दाराकडं तोंड करून, बापासमोर, सासऱ्यासमोर, भर बैठकीत म्हणाला, “चांगुणाबाई, तुम्हीच सांगा. काय करू?”

बैठकीत मुलीला कुणी विचारत नाही. सगळी ओसरी दाराकडं बघत राहिली. आतून आवाज आला, “गाय द्या. पर माज्या बाला नको. मला द्या. माजी म्हनून हितंच ऱ्हाईल.”

गोरक्षनाथ हळूच खाली बसले. घेणारे ते नव्हते, मग विकणारे तरी कसे ठरणार? काका मात्र पेटले. हुंडा तर गेलाच, वर गाय! मी त्यांच्या कानाशी लागलो, “काका, तुमच्याकडं वैरणीची काडी नाही. या गावात गुरांची छावणी आहे. गाय इथं जगेल, तुमच्या दावणीला मरेल.” काकांनी थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाले, “फोडा सुपारी.” बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं काडी नसल्याचा आधार झाला.

लग्न लागलं आणि काकांची तांबडी गाय गोरक्षनाथांच्या गोठ्यात आली. सूर्यभान सुप्याकडच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला लागला; आफ्रिकेचा धडा आला की तास संपला तरी पोरांना सोडायचा नाही. सासूनं, म्हणजे माझ्या साळूमावशीनं, टोमणा मारलाच. “आमची तांबडी देऊन आनलीय हिला.” चांगुणा म्हणाली, “तांबडी माजी हाय, आत्याबाई. तुमच्या नावावर कोन हाय?” मावशीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी तांबडी व्याली, कालवड झाली. चांगुणा माहेरी आली ती थेट गोठ्यात गेली. कालवडीचं दावं सोडलं, ओसरीवर आजीसमोर आणलं आणि दावं म्हातारीच्या हातात दिलं.

“धर आज्जे. तुज्या बानं घेतलेली गाय.”

दगडाबाईनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. पदरानं डोळे पुसले. मग आम्हा सगळ्यांकडं, सर्वांत जास्त आपल्या लेकाकडं, बघून बजावलं, “ही इकायची न्हाई.”