मूलच्या मिलमधलं लिंबू

चंद्रपूरहून मूलला जाणाऱ्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर मीटर होता, पायाशी वायरचं भेंडोळं आणि डोक्यात एकच काळजी. मूलच्या एका राईस मिलमधला ड्रायर रुसला होता आणि उसन्या (उकड्या) तांदळासाठी वाफवलेलं धान तिथं ओलंच पडलं होतं. संध्याकाळपर्यंत सुकलं नाही तर ते आंबणार होतं. पुण्याहून कंपनीने मला त्यासाठीच पिटाळलं होतं.

वाटेत जंगलात गाडी थांबली. रस्त्यात वाघ बसला होता. मी हरखून फोन काढला; शेजारच्या बाई मात्र वैतागल्या. याला आताच बसायचं होतं का, त्यांचा बाजार उठून जाईल, असं त्या सगळ्या गाडीला ऐकवत होत्या. वाघाने सावकाश आळस दिला आणि तो बांबूत शिरला. फोटो निघायच्या आतच गेला म्हणून मला त्याचा राग आला.

मिलच्या दारात देवरावभाऊ वाट पाहत होते. ड्रायर तेच चालवतात. त्या ओल्या ढिगात त्यांच्या स्वतःच्या बांधीतलं (भाताच्या खाचरातलं) धानही होतं. "आंबलं तं वर्षभर तोच भात खावा लागन, साहेब," ते म्हणाले, आणि तरीही आधी तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. तर्रीने डोळ्यांतून पाणी काढलं.

काम तसं साधं. कंट्रोलचा डबा ड्रायरचं तापमान वाचतो आणि दोन तारांतून जरासा करंट वाफेच्या व्हॉल्व्हकडे ढकलतो. करंट जास्त तेवढा व्हॉल्व्ह उघडा. जायची-यायची मिळून वाट एकच. ती कुठंही अडली की सगळंच अडलं. डब्यापाशी तारा सोडवून मोजला तर करंट पुरेपूर. व्हॉल्व्हपाशी मोजला तर त्याच्या निम्माही नाही.

देवरावभाऊंनी गोंधळ आणखी वाढवला. ड्रायर शनिवारी मस्त चालतो आणि शुक्रवार येईस्तोवर मरगळतो, असं त्यांचं म्हणणं. आज शुक्रवारच होता. वार पाहून बिघडणारी मशीन मी पाहिली नव्हती. मी हसलो आणि तारेच्या मागे मागे निघालो.

बॉयलरच्या मागच्या भिंतीवर अडलेली जागा सापडली. दोनपैकी एक तार मधोमध कापलेली होती. एक टोक लिंबात या बाजूने खुपसलेलं, दुसरं त्या बाजूने, खाली मिरच्या. व्हॉल्व्हकडे जाणारा सगळा करंट त्या लिंबातून जात होता. शनिवारी ताजं, रसाळ लिंबू लागायचं म्हणून व्हॉल्व्ह बरा उघडायचा. लिंबू सुकत जाई तसा तोही मिटत जाई.

"काऊन कापली तार?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"ट्रकले समोर बांधते. हिचं तोंड कुठी हाय, कोणाले मालूम? जीव तं तारीतूनच जाते ना, म्हणून तारीतच बसवलं."

तार सलग जोडतो म्हटलं तर भाऊ आडवे आले. उद्याचं लिंबू त्यांनी आणूनच ठेवलं होतं. ते आजच लावू म्हणाले. लिंबू काढलं आणि धान गेलं तर? मी म्हटलं, नाही काढलं तर जाणारच. बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी तोड निघाली: मी तार जोडेपर्यंत भाऊंनी नवं लिंबू हातात धरून मशीनपाशी उभं राहायचं. ते उभे राहिले, डोळे मिटून.

तार जोडली. व्हॉल्व्ह सळसळत पूर्ण उघडला आणि ड्रायर घुमू लागला. संध्याकाळी भाऊंनी मूठभर धान हुंगून पाहिलं, मग माझ्या नाकाशी धरलं. आंबूस वास नव्हता. नवं लिंबू आम्ही डब्याच्या दारावर बांधलं, साध्या दोऱ्याने.

पुढच्या शुक्रवारी पुण्यात, निघताना भाऊंनी दिलेला तांदूळ शिजत असतानाच त्यांचा फोन आला. आवाज काळजीचा होता. मी हबकलोच.

"साहेब, लिंबू पार वाळलं, तरी मशीन चालूनच राह्यली. काही बिघडलं तं नाई ना?"

पुण्यात बसून त्यांना करंट काय समजावणार? नवं लिंबू बांधा म्हणालो, आणि ताट वाढून घेतलं.