चोरीस गेलेले आठ नीलकंठ

सावरून बसा मंडळी. आज मी अशा एका महाभयंकर चोरीचा उलगडा करणार आहे, जिची फिर्याद ऐकून आमच्या ठाण्याचा पहारेकरी बंदूक सोडून पोट धरून हसत बसला होता. वर्दी उतरून बरीच वर्षं झाली, पण ती सकाळ मी विसरलेलो नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काटोलकडचा एक संत्रा बागायतदार पहिल्या बसने शहरातल्या गांधीबागेजवळच्या आमच्या पोलीस ठाण्यात आला.

"साहेब, माहे नीलकंठ चोरीले गेले."

आमच्या हवालदाराने लेखणी खाली ठेवली. "पाखरं कोणाच्या सातबाऱ्यावर असते का गा? मालाचं वर्णन काय लिहू? दोन पाय, एक चोच?"

"हासा, हासा. आठ होते बागेत, टोळ-किडे वेचून खायचे. आता एक नाही, अन् किडे पानं कुरतडून राहिले. पाखरं धरणारा फासेवाला त्याईले घेऊन शहरात आला हाये. उद्या दिवस बुडेपर्यंत सारे मरतीन."

तो खरं बोलत होता. दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ. ज्यांना आभाळाकडे पाहायला सवड नाही, त्यांच्या दुकानी पिंजराच चालत येतो. दक्षिणा ठेवली की वरचं फडकं उचलतात. असं दिवसभर उपाशी फिरवलेलं पाखरू संध्याकाळपर्यंत क्वचितच जगतं. वन्यजीव कायदा आला होता, पण आमच्याकडे तो कपाटातच मुक्कामाला होता.

साध्या वेशात कापडबाजार पालथा घातला. दुपारी फडक्याखालचा पिंजरा आणि त्याचा मालक, दोघेही ठाण्यात हजर.

"एकच हाये साहेब. पाळीव हाये. दूध-भात खाते."

दोन तास मी डोळे वटारले, टेबल आपटलं, एकदा तर स्वतःच दचकलो. त्याचं पालुपद बदलेना. माझा अनुभव असा की दरडावणी ऐकायची तयारी करून आलेला माणूस भलत्याच गोष्टीने फुटतो. तेवढ्यात हवालदार नवमीच्या प्रसादाचा शिरा घेऊन आला आणि भक्तिभावाने पाखराच्या चोचीत कोंबू लागला.

आरोपी ताडकन उठला. "मारता का त्याले! शिरा खाते का हा? जिवंत टोळ लागते! तिकडे सात उपाशी पडले, अन् तुमचं काय चालू हाये!"

हवालदाराने शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

"तिकडे म्हणजे?" मी अगदी मायेने विचारलं.

"जरीपटक्याले," तो खाली मान घालून म्हणाला.

जरीपटका वस्तीतल्या त्याच्या खोलीत टोपलीखाली सात पाखरं होती, पंख दोऱ्याने आवळलेले. एक मेलं होतं. बागायतदाराने ते उचलून आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं. पंचनामा झाला. दंडाधिकाऱ्यांना घरी गाठून पाखरं सोडण्याचा आदेश घेतला. ती संध्याकाळ हवालदाराने ठाण्यामागच्या गवतात टोळ पकडण्यात घालवली. सरकारी नोकरीत इतका घाम गाळताना मी त्याला प्रथमच पाहिलं.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. कुऱ्हाड घेऊन रानात शिरणारा लांबून ओळखता येतो. हात जोडून रान ओसाड करणारे मात्र आपल्याच घरात असतात, आणि त्यांना आपण काही वाईट करतो आहोत असं वाटतही नाही.

दसऱ्याच्या सकाळी वनखात्याच्या माणसांसमक्ष बागेत पिंजरे उघडले. बसलेला नीलकंठ तसा मातकटच दिसतो. पहिला कुंपणावर बसला, अंग झाडलं आणि उडाला. पंख उघडताच त्यातला निळा रंग उन्हात असा झळकला की मीही टोपी काढली. दरवर्षी पिंजऱ्याला हात जोडणारा आमचा हवालदार आ वासून पाहत राहिला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "अरे बापा! म्हणजे वीस वर्षं म्या नीलकंठ पाह्यलाच नाही!"