क्लोईचं दुपटं

चहा निवला तरी चालेल, पण माझा हा पराक्रम पूर्ण ऐका. भाचीला हौसेने नाव शोधून देणाऱ्या आत्या तुम्ही पाहिल्या असतील. तेच नाव स्वतःच्या तोंडाने घालवणारी मी एकटीच.

दादाला मुलगी झाली. मी कॉलेजात ग्रीक-लॅटिन साहित्य शिकलेली, म्हणून नाव सुचवलं: क्लोई. जुनं ग्रीक नाव, अर्थ कोवळा हिरवा अंकुर. वहिनी तर प्रेमातच पडली. प्रश्न होता फक्त इथल्याच, इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या काकूंचा. त्यांनी नाक मुरडलं की आमच्या घरातले बेत बारगळतात. म्हणून बारशाला रीडिंग गावी दादाकडे जाताना मी ट्रेनमध्ये भांडणाची अख्खी रिहर्सल केली.

पाळणा सजला. काकू जवळ आल्या.

"अगं, ते क्लोईचं..."

"काकू, राशीचं अक्षर काढू नका हं."

"मी कुठे काढलं?"

"तुम्हाला सगळं जुनं हवं असतं ना? हे दोन हजार वर्षं जुनं आहे. ग्रीक गोष्टीत क्लोई मेंढपाळाकडे वाढते."

"का? आईवडील कुठे गेले?"

"त्यांनी तिला टाकलेलं असतं. मग एक मेंढी तिला दूध पाजते."

वहिनीच्या हातात बाटली होती. बाळ अंगावर पीत नाही म्हणून ती आधीच रडवेली झालेली. पण मला कुठे दिसतंय? मी तोवर रोमला पोचले होते.

"शिवाय एका रोमन कवीनेही एका क्लोईवर कविता केली. ती पाडसासारखी त्याला टाळून पळते."

"तो केवढा?"

"बराच मोठा."

"मग पळेलच," काकू म्हणाल्या.

"आणि इंग्रज कवींची तर दर दुसरी प्रेयसी क्लोई. कुणाची तोंड रंगवणारी, कुणाची काळीज नसलेली..."

"बास," वहिनी म्हणाली. "माझ्या मुलीचं नाव क्लोई नाही."

"बघा काकू," मी म्हटलं, "तुमच्यामुळे..."

काकूंनी पिशवीतून हाताने शिवलेलं दुपटं काढलं. त्यावर निळ्या दोऱ्याने टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत भरलं होतं: क्लोई.

"स्पेलिंग बरोबर आहे का, एवढंच विचारत होते गं."

शेवटी वहिनीने काकूंनाच दुसरं नाव विचारलं.

"सई?" काकू म्हणाल्या.

वहिनीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "हिच्यावर कुणी कविता केलीय?"

"केली असली तरी सांगणार नाही."

मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'सई' म्हटलं. अशा वेळी बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली पद्धत. काकूंचा हात हलकाच पडला. वहिनीचा नाही.

सई अजून त्याच दुपट्यात झोपते. ते तिला फार आवडतं. पाहुणे विचारतात, "ही क्लोई कोण?"

वहिनी बाटली हलवत शांतपणे म्हणते, "कुणालाही विचारा. फक्त हिच्या आत्याला विचारू नका."