मासीचं बाळंतपण

मंडळी, आज देवासला शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "दादाजी, बाहर के नहीं, यहीं पैदा हुए हैं." मला एकदम हसू फुटलं.

ऐंशीच्या दशकात आमच्या पट्टेदार माशांची परदेशातून होणारी आयात बंद झाली. घरात एकच जोडी उरली. तिला पिल्लं झाली नाहीत तर सगळं संपणार. मादीला आम्ही लाडानं ‘मासी’ म्हणायचो.

एका सकाळी सौ. ओरडली, "अहो, मासीला बाळं झाली!"

हिंदीत मासी म्हणजे मावशी! शेजारच्या भाभी सुंठीचे लाडू घेऊन हजर. "भिया, मासी कब आई? और इस उमर में?"

मी टाकी दाखवली. इवलाले जीव कवितेच्या चालीत डुलत होते.

"तो क्या हुआ? जच्चा तो है!" म्हणत भाभींनी बाळंतिणीचे ते लाडू गल्लीभर वाटले.

तुमच्याकडे वाटलेत कधी माशाच्या बाळंतपणाचे लाडू?