सरांच्या पुस्तकाचा दुसरा भाग

सरांच्या पुस्तकाचे दोन भाग होणार होते. पहिला 'विचार', दुसरा 'चिंतन'. पहिल्याला अकरा वर्षं लागली. दुसऱ्याचं एक वाक्य झालं.

कॉलेजात ते आम्हाला तत्त्वज्ञान शिकवायचे. मी त्या विषयात जेमतेम पास झालो आणि सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये चिकटलो. निवृत्तीनंतर सरांचा हात थरथरायला लागला, तेव्हा लिहून घ्यायला त्यांनी मला बोलावलं. मलाच का, तर माझं अक्षर चांगलं होतं आणि मी मध्येच शंका विचारत नसे. हुशार विद्यार्थ्यांनी त्यांना आधीच पुष्कळ छळलं होतं.

दर रविवारी मी गंगापूर रोडला त्यांच्या घरी जायचो. सर एक वाक्य सांगायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. मी पेन उघडं धरून किती वेळ बसणार? एकदा काकूंनी मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून मी लिहिलं कमी आणि भाजी निवडली जास्त. कुणी सरांना भेटायला आलं तर काकू दारातूनच सांगायच्या, "विचार करतायत. नंतर या." आंघोळीला गेलेत म्हणावं, इतक्या सहज.

दुसऱ्या भागाचं पहिलं वाक्य सरांनी सांगितलं, "चिंतन करताना माणूस काहीच करत नसतो."

आतून काकू म्हणाल्या, "हे मी चाळीस वर्षं सांगतेय."

सर खूप हसले. पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही.

वर्षश्राद्धाला पुस्तक हातात हवं, असं काकूंनी ठरवलं. "शेवट तू लिही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकलंयस." मला नाही म्हणवेना. रजा टाकून दोन दिवसांत बारा पानं लिहिली, अगदी सरांच्या थाटात. वाचून दाखवताना माझं मलाच कौतुक वाटत होतं. काकू मेथी निवडत ऐकत होत्या.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण हे त्यांचं नाही. तू कुठे थांबलाच नाहीस. माझी अर्धी जुडीसुद्धा निवडून झाली नाही."

मी पानांची घडी करून खिशात ठेवली. लाज वाटली, आणि सरांच्या त्या गप्प बसण्याची फार आठवण आली. मग उरलेली मेथी माझ्याकडे ओढून घेतली.

पुस्तक आम्ही होतं तसंच छापायला दिलं. दुसऱ्या भागात ते एक वाक्य आणि काकूंच्या हट्टापायी पुढे काही कोरी पानं. छापखान्यातून फोन आला तेव्हा मी काकूंकडेच होतो. शेवटचा मजकूर राहिलाय, कधी पाठवताय, असं तो माणूस विचारत होता. फोनवर हात ठेवून मी त्याचा प्रश्न काकूंना सांगितला.

त्यांनी मेथीवरून मान वर केली नाही. "सांग त्याला," त्या म्हणाल्या, "विचार करतायत."