लाल दोऱ्याची बॅग

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही, त्यांच्याकडे पासपोर्ट नाही आणि जमिनीवरून ते मुंबईच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. तरीही रत्नागिरीतून परदेशी जायला काय काय लागतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाही कळत नाही, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. माझ्या शपथेला किती किंमत द्यायची ते पुढचं वाचून ठरवा.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. राहणारे रत्नागिरीतल्याच मांडवीचे. उभी हयात ते मासेमारीच्या लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँच आणि तिच्यावरची सगळी माणसं त्यांच्या हुकमात. खोल समुद्रात आठवडाभर राहायचं तर मीठ-मसाल्यापासून काडेपेटीपर्यंत सगळं निघतानाच भरून घ्यावं लागतं. "दर्यात किराणा दुकान नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढे गुडघे गेले, लाँच सुटली, पण वाक्य सुटलं नाही. परदेश हा त्यांच्या लेखी खोल समुद्रच. आळीतल्या कुणाला व्हिसा मिळाला की त्यांना निरोप धाडावा लागत नसे. खांद्यावर मासळी तोलायचा ताणकाटा आणि खिशात लाल नायलॉन दोऱ्याचं रीळ घेऊन ते आपणहून दारात उभे राहत, आणि चहा यायच्या आत विचारत, "बॅग कुठं हाय?"

बॅगेची पहिली परीक्षा जिन्यावर होई. कपडे भरलेली नवीकोरी बॅग ते वरच्या पायरीवरून खाली सोडून देत. ती गडगडत अंगणात येई आणि घरातली माणसं तोंडावर हात ठेवत. एका इंजिनियर मुलाच्या महागड्या बॅगेचं चाक असंच निखळून तुळशीपाशी जाऊन पडलं. मुलाचा चेहरा पडला. व्याही शांतपणे ते चाक उचलून त्याच्या हातात देत म्हणाले, "हितं मोडलं तर बाजार हाय. तिकडं मोडलं असतं तर कोण, तुझा मामा आला असता?" मग बॅग ताणकाट्याला लावून दारातल्या झाडाच्या फांदीला टांगायची. वजन जास्त भरलं की आधी चपला बाहेर, मग पुस्तकं, मग देवाची तसबीर. देव काढताना मात्र ते हात जोडत आणि म्हणत, "तुम्ही तिकडं आधीच असाल."

कागदपत्रांच्या बाबतीत त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. पासपोर्टची, व्हिसाची आणि डॉक्टरच्या चिठ्ठीची एकेक झेरॉक्स हातातल्या पिशवीत, एक मोठ्या बॅगेत आणि एक अंगावर. अंगावर म्हणजे बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात, आणि तो खिसाही ते स्वतः शिवत, जाळं शिवल्यासारखा पक्का. कुवेतला निघालेल्या एका शेजाऱ्याला विमानतळावर नेमकी झेरॉक्सच मागितली. पिशवीतली सापडेना, मोठी बॅग आत गेलेली. मग त्यानं भर रांगेत शर्टाची बटणं सोडून, बनियन वर करून, खिशाची शिवण दातानं तोडली. परत आल्यावर तो भांडायलाच आला. व्याह्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण कागद होता ना?"

तालीम हा सगळ्यांत कठीण भाग. प्रवाशाला भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवायचं, गुडघे भिंतीला टेकतील असे, आणि दुपारभर उठू द्यायचं नाही. त्यानंतर अधिकाऱ्याची मुलाखत. अधिकारी स्वतः व्याही. शिलाई मशीनमागे कोट घालून बसत आणि डोळे बारीक करून विचारत, "व्हाय कमिंग?" आळीतल्या एक आजी लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघाल्या होत्या. त्यांनी हा प्रश्न ऐकला आणि म्हणाल्या, "मेल्या, तू मला इंग्रजीत इचारतोस? तुला आंघोळ मी घातलीय." व्याह्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "नापास," ते म्हणाले, "परत बसा." दुबईच्या अधिकाऱ्यानं आजींना एक शब्दही न विचारता शिक्का मारला, हे कळल्यावर व्याह्यांना फार लागलं. "मेहनत फुकट गेली," म्हणाले.

सगळ्यात शेवटी लाल दोरा. बॅगेच्या चेनच्या दोन्ही टोकांतून तो ओवायचा, मुठीला दोन वेढे द्यायचे आणि गाठ मारायची. पट्ट्यावर शंभर काळ्या बॅगा फिरत असतात, त्यातली आपली कुठली ते दोरा सांगतो, आणि कुणी उघडली का ते गाठ सांगते, असं त्यांचं म्हणणं. पोचल्यावर आईबापांना फोन नंतर केला तरी चालेल, पण बॅग पट्ट्यावरून उतरवताक्षणी गाठीचा फोटो व्याह्यांना पाठवायचा, हा दंडक होता. त्यांच्या मोबाईलमध्ये माणसांचे फोटो जवळजवळ नाहीत. जगभरच्या विमानतळांवरच्या बॅगांचे आहेत.

आता माझ्याकडे वळतो. वळायला नको वाटतं, पण त्यासाठीच तर लिहायला बसलो.

माझा मुलगा ऑस्ट्रेलियात नोकरीला. लग्नानंतर व्हिसा मिळाला तशी सून त्याच्याकडे निघाली. विमानात बसायची तिची पहिलीच खेप. जायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी बॅग भरणं सुरू झालं आणि व्याह्यांनी घराचा ताबा घेतला. स्वतःच्याच लेकीची बॅग, तेव्हा जिन्यावरून ती दोनदा गडगडली. मी मधे मधे काहीतरी सुचवत होतो आणि ते "बघू, बघू" म्हणत होते. माझ्याकडे सोडे होते. सोडे म्हणजे सोललेली, वाळवलेली कोळंबी. मुलाला सोडे घातलेलं वांगं लहानपणापासून प्रिय. त्याची आई गेल्यापासून आमच्या घरात वाळवण बंद झालं होतं. त्या वर्षी मी स्वतः कोळंबी आणून सोलली आणि हातात काठी घेऊन अंगणात कावळे हाकत बसलो. कचेरीत जन्म काढलेल्या माणसानं हे करावं याचं येणाऱ्याजाणाऱ्याला हसू येत होतं. मला मात्र त्या पुडक्याचा फार अभिमान होता.

व्याह्यांनी पुडकं हातात घेतलं, हुंगलं आणि बाजूला ठेवलं. "ह्ये हितंच राहू दे, व्याहीबुवा. तिकडं बॅगा हुंगायला कुत्रा उभा असतो. उतरतानाच्या फॉर्मवर खाण्याचं काय नाय असं लिवायचं नि बॅगेत काय ठेवायचं नाय, म्हंजे भानगड नाय." मग सुनेकडे वळून, "तुझा सासरा मला तुरुंगात धाडणार एक दिवस." सगळे हसले. मीही हसलो. पण त्या बॅगेत त्यांच्या घरची साडी होती, त्यांनी शिवलेला चोरखिसा होता, त्यांचा दोरा होता. माझ्या मुलाकडे निघालेल्या बॅगेत माझ्या घरचं काहीच नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. व्याही गाडीवाल्याशी बोलायला नाक्यावर गेले, सून आत झोपली होती. त्यांनी मारलेली गाठ मी सोडली. मी मूळचा बुरोंडीचा, बाप मासेमारी करायचा, कारकून होण्याआधी मी जाळी शिवली आहेत. दोरा माझ्या हाताला नवा नाही. सोडे तळाशी, टॉवेलच्या घडीत घातले, चेन ओढली आणि गाठ पुन्हा होती तशी मारली. निदान मला तरी तसं वाटलं.

सून पोचायच्या दिवशी व्याही सकाळपासून माझ्या ओटीवर बसून होते. गाठीचा फोटो आला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, लेकीच्या आठवणीनं गलबलले असतील. मी आत चहा टाकायला गेलो. तासाभरानं दुसरा चहा उकळत असताना व्याह्यांच्या मोबाईलवर सुनेचा फोन आला, त्यांनी स्पीकर लावला, आणि पुढचं सगळं मी हातात गाळणं घेऊन ऐकलं. कुत्रा बॅगेपाशी येऊन बसला होता. फॉर्मवर तिनं बापाच्या शब्दावर 'नाही' लिहिलं होतं, म्हणजे सरकारी कागदावर खोटं. तिला बाजूला नेलं, सगळे कपडे टेबलावर पसरले, दंड केला, आणि नवरा बाहेर ताटकळत असताना ती आत अनोळखी माणसांसमोर रडत उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "सोडे तुम्ही ठेवलेत?"

मी दारात आलो. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची पाळी माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"होय गो," ते फोनमध्ये म्हणाले. "ऱ्हायलं चुकून."

त्यानंतर चार दिवसांत मांडवीभर झालं. सगळ्यांना समुद्रापार पाठवणाऱ्या माणसानं पोटच्या पोरीच्याच बॅगेत सोडे घातले, यापेक्षा गंमत ती कुठली? पोरं त्यांना बघून भुंकायची. "काय तांडेल, कुत्रा आला का?" असं मासळी बाजारातल्या बायकासुद्धा विचारायच्या. पुढे कुणी परदेशी निघालं की बॅग गुपचूप भरली जाऊ लागली. ताणकाटा त्यांच्या पडवीत खुंटीला गंजत राहिला. सून तर पावसाळा संपेपर्यंत बापाशी धड बोलली नाही. मला मात्र नियमानं फोन करायची. "तुम्ही जपून राहा हं," म्हणायची. आणि एकदा न्हाव्याच्या दुकानात हा विषय निघाला तेव्हा मी, ज्यानं गप्प तरी बसायचं, तो म्हणालो, "वय झालं हो त्यांचं." सोडे घातल्याची मला लाज वाटते, पण या वाक्याची जी वाटते ती वेगळी आहे. ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

यंदा नातू झाला. मुलानं माझं तिकीट काढलं. बॅग भरायची वेळ आली तेव्हा मी मांडवीला व्याह्यांच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो आणि पडवीत बसल्यावर तोंडातून एवढंच निघालं, "माझी बॅग भराल का?" ते उठले. स्टूल घेऊन ताणकाटा खुंटीवरून काढला आणि त्याला खोबरेल लावायला बसले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले आणि पूर्वीसारखंच सगळं झालं. बॅग जिन्यावरून गडगडली. मी भिंतीकडे तोंड करून दुपारभर खुर्चीत बसलो. "व्हाय कमिंग?"ला मी "ग्रँडसन" म्हणालो आणि पहिल्या फटक्यात पास झालो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागल्या गेल्या, आणि बनियनला चोरखिसा शिवला गेला. सगळं भरून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक पुडकं काढून कपड्यांच्या अगदी वर ठेवलं. सोडे होते. त्यांनी वाळवलेले.

"वरच ठेवलेत, हाताला लागतील असे," ते म्हणाले. "ह्या टायमाला फॉर्मवर 'हो' लिवायचं नि आपणहून काढून दाखवायचं. ठेवून घेतले तर घेऊ देत. कुत्रा बसला तर बसू दे. आपण सांगितलेलं असलं की भ्यायचं नाय."

त्यांनी लाल दोरा ओवला, मुठीला दोन वेढे दिले, आणि दोन्ही टोकं माझ्यापुढे धरली. "मारा गाठ."

"मी?"

"तुमची गाठ टोक खालनं घेऊन येते, बुरोंडीची. आमची वरनं येते."

टोकं मी हातात घेतली. विचारलं, "फोटो आला तेव्हाच कळलं?"

"तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

ते उरलेला दोरा रिळावर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "लेक बापावर रुसली तर रुसून परत बापाकडंच येते. सासऱ्यावर रुसली असती तर संसार कुणाच्या घरात केला असता?" मग रीळ खिशात टाकून, "न्हाव्याकडचं मात्र लागलं हो. वय तुमचं जास्ती हाय माझ्यापेक्षा."

मी गाठ मारली. टोक सवयीनं खालूनच आलं. त्यांनी वाकून ती ओढून पाहिली आणि "पक्की हाय," म्हणाले. निघताना एवढंच बजावलं की लेकीला यातलं काही सांगायचं नाही, ती ओली बाळंतीण आहे, उगाच डोक्याला ताप.

मी सांगणार आहे. म्हणून तर आधी इथं लिहून ठेवलं, म्हणजे तिथं जाऊन पाय मागे घेता येणार नाही. न्हाव्याच्या दुकानात जे बसले होते त्यांनीही वाचावं.

बॅग दाराशी उभी आहे. पोचल्यावर गाठीचा फोटो आधी मांडवीला जाईल, मग सोडे दाखवायचे, मग बाहेर सून उभी असेल, बाळाला घेऊन. तिथपर्यंतची सगळी तयारी व्याह्यांनी करून दिली आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, त्याची तालीम तेवढी त्यांनी घेतली नाही. ती मी रोज भिंतीकडे तोंड करून, त्याच खुर्चीत बसून करतो आहे. अजून नापासच होतो.